दीडशे रुपयांचा काळा सूर्य : पुण्यात गिग भरवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

पुणे ३०

मित्रांनो,

गेल्या महिन्यात मुंढव्याच्या मेटल गिगला मिक्सरवर मी होतो, हे तुमच्या लक्षात असेलच. दुसऱ्या बँडच्या मध्यात किक ड्रमचा आवाज गायब झाला तेव्हा सगळा हॉल वळून माझ्याकडेच बघत होता. (केबल गेली होती. माझी नव्हे, हॉलची.) दहाच्या आत सगळं गुंडाळायचं म्हणून घाईने वायरी आवरत होतो, तेवढ्यात दाराजवळच्या मर्चच्या टेबलाकडे नजर गेली. टी-शर्ट, स्टिकर, दोन बँडच्या सीड्या आणि एका पुठ्ठ्याला टाचलेले कापडी पॅच. त्यातला एक गोल होता. मधे लहान वर्तुळ आणि त्यातून बाहेर पडणारे, टोकाशी मोडलेले बारा आरे. किंमत दीडशे रुपये.

विकायला बसलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "दादा, सूर्य आहे. पेगन, ख्रिश्चन धर्माच्याही आधीचा. जॅकेटवर लई भारी दिसतो."

त्या रात्री मी आपल्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या, की ही नाझींची खूण आहे, हा पॅच टेबलावर नको होता. त्यावर जी उत्तरं आली, त्यांच्यामुळे हे पत्र लिहितोय. ग्रुपवर लिहिलं की दोन अंगठे आणि एक मीम येतं आणि विषय वाहून जातो, म्हणून इथे, सगळ्यांसमोर. कुणाचं नाव घेत नाही. ज्याचं उत्तर त्याला ओळखू येईल.

पहिलं उत्तर आलं ते हे, की स्वस्तिक तर आपल्या दारावर असतं, मग सूर्याचं काय घेऊन बसलास? बरोबर आहे, असतं. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक माझे आजोबा काढायचे, आता मी काढतो, आणि कुणा जर्मनाने त्याचं काय केलं म्हणून मी ते सोडणार नाही. पण टेबलावर स्वस्तिक नव्हतंच. ती आकृती आपल्या रांगोळीतली नाही, कुठल्या हेमाडपंती देवळावरचीही नाही. जर्मनीत वेवेल्सबुर्ग नावाचा एक किल्ला आहे. हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याने तो आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी ताब्यात घेतला आणि त्याची डागडुजी छळछावणीतल्या कैद्यांकडून करून घेतली. तिथल्या उत्तर बुरुजातल्या दालनाच्या फरशीत गडद हिरव्या दगडात हे बारा आऱ्यांचं चक्र बसवलेलं आहे. 'काळा सूर्य' हे नाव त्याला युद्धानंतर चिकटलं. म्हणजे ज्याला तुम्ही प्राचीन म्हणताय ते आपल्या बालगंधर्वांच्या नाटकांपेक्षाही अलीकडचं आहे.

दुसरं उत्तर मला जास्त झोंबलं. "दादा, आपण तर खरे आर्य. ते लोक आपलंच वापरतात." खाली ज्वाळांचे तीन इमोजी.

इथे थोडं थांबतो, कारण या वाक्याचं एक मूळ आपल्या गावातच आहे आणि ते आपण सोयीस्कर विसरतो. आर्यांची गोष्ट पुण्यात दोनदा सांगितली गेली. १८७३ साली गंज पेठेतल्या जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली. तिच्यात आर्य बाहेरून आले आणि त्यांनी इथल्या शेतकऱ्याला, शूद्रातिशूद्राला गुलाम केलं. बरोबर तीस वर्षांनी, १९०३ साली, याच गावातून लोकमान्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. ऋग्वेदातल्या दिवसेंदिवस रेंगाळणाऱ्या उषा आणि न संपणाऱ्या रात्री यांचा खगोलशास्त्राने हिशेब मांडून त्यांनी आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवापाशी नेऊन ठेवलं. बाबासाहेबांनी पुढे १९४६ साली आर्य वंशाचा हा सगळा सिद्धान्तच पुराव्यानिशी नाकारला, पण तोवर टिळकांचं पुस्तक युरोपात पोचलं होतं. त्यात कुणाचा द्वेष करा असं कुठेही म्हटलेलं नाही. तरी इटलीतल्या युलियस एवोला या अतिउजव्या विचारवंतासारख्यांनी त्याचा आधार घेतला. शुभ्र, बर्फाळ, सर्वश्रेष्ठ उत्तरेची जी पुराणकथा त्यांना रचायची होती, तिला पूर्वेकडच्या एका मोठ्या पंडिताची साक्ष मिळाली.

मग आल्या सावित्री देवी. नावावर जाऊ नका. मूळ नाव माक्सिमियानी पोर्टास, जन्म १९०५ सालचा, फ्रान्समधल्या लियाँचा. १९३०च्या दशकात त्या भारतात आल्या, कलकत्त्यात राहिल्या, एका बंगाली गृहस्थाशी लग्न केलं आणि हिटलर हा विष्णूचा अवतार होता, असं गंभीरपणे लिहून ठेवलं. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या नवनाझींनी त्यांना डोक्यावर घेतलं. आज ब्लॅक मेटल या मेटलच्या सर्वांत काळोख्या शाखेतल्या काही बँडांच्या कव्हरवर बर्फाचे डोंगर, 'हायपरबोरिया' (ग्रीक पुराणकथांतला उत्तरेपलीकडचा देश) आणि मधेच एखादा संस्कृत शब्द दिसतो ना, तो याच वाटेने तिथे आलाय. तुम्हाला वाटतं ते आपल्याला मान देतायत. घरातल्या भिंतीवर वाघाचं तोंड लावणारा शिकारी वाघाला मान देतो, तितपतच.

तर, 'आपण खरे आर्य'. ५ ऑगस्ट २०१२, रविवार सकाळ. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ओक क्रीक नावाच्या गावच्या गुरुद्वाऱ्यात लंगरची तयारी चालली होती. वेड मायकल पेज नावाचा माणूस पिस्तूल घेऊन आत शिरला आणि त्याने सहा जणांना मारलं. सातवे एक बाबाजी गोळी लागून लकव्याने अंथरुणाला खिळले आणि २०२० साली गेले. पेज पूर्वी अमेरिकी लष्करात होता. पण त्याची दुसरी ओळख आपल्या जास्त जवळची आहे. तो गिटार वाजवायचा. 'एंड अपॅथी' हा त्याचा बँड, त्याआधी 'डेफिनिट हेट'मध्येही होता. गोऱ्यांचं राज्य मागणाऱ्या बँडांचं जे वर्तुळ तिथे आहे, त्यात तो वर्षानुवर्षं गिग करत फिरला. व्हॅनमधून अँप उतरवणारा, साउंडचेकला उशीर झाला म्हणून वैतागणारा, तुमच्या-माझ्यासारखाच. त्याने समोरच्याला 'तुम्ही आर्य का?' असं विचारलं नाही.

माझा एकेकाळचा बासवाला कॅम्पातला सरदारजी होता. (नाव देत नाही. त्याला हे आवडायचं नाही.) १९९९ साली आम्ही दोघं टेप ट्रेडिंग करायचो. अलाहाबादेत सुरू झालेल्या रॉक स्ट्रीट जर्नल या मासिकाच्या पानांवरून माहिती काढायची, कुणाला तरी पत्र टाकायचं, महिन्याभराने पोस्टाच्या पाकिटात टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट यायची. कव्हर नाही, शब्द छापलेले नाहीत, बॉलपेनने लिहिलेली बँडांची नावं. अशाच एका कॅसेटच्या बी साइडला एक गाणं होतं. साधं तीन सुरांचं रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी धून, पण मानगूट धरून ओढणारं. आम्ही ते बसवलं. त्याच्याच गच्चीवर, खाली त्याची आजी पाठ करत असताना. शब्द आम्हाला कळत नव्हते, कळायची गरजही वाटली नव्हती. गाणारा नुसता ओरडत होता आणि आम्हाला तेच हवं होतं.

ओक क्रीकनंतर दोन दिवसांनी मी त्याला फोन केला. त्याने आधीच शोधून काढलं होतं. कॅसेटवरचा तो बँड त्याच जातकुळीचा निघाला. तो एवढंच म्हणाला, "यार, हमने वो छत पे बजाया था." पुढे बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. बास त्याने त्याआधीच सोडला होता, तेव्हा माझ्यामुळे सोडला असं म्हणून मी स्वतःला मोठं करत नाही. पण त्यानंतर आमच्यात कधीच गाण्यांचा विषय निघाला नाही. आता लग्नकार्यात भेटतो, मुलांच्या शाळांबद्दल बोलतो.

तिसरं उत्तर सर्वांत शहाणं आणि म्हणून सर्वांत अवघड : माणूस वेगळा, संगीत वेगळं. हे मीही पंधरा वर्षं म्हणत आलो. नॉर्वेच्या वार्ग विकेरनेसचा एकट्याचा ब्लॅक मेटल बँड म्हणजे बुर्झुम, त्याचा टी-शर्ट मी विटेपर्यंत घातलाय. आजही तो १९९६ साली आलेला अल्बम लागला की माझा हात थांबतो. साउंडवाला म्हणून सांगतो, विकेरनेसने १९९३ साली तो रेकॉर्ड करताना मुद्दाम हाताला लागेल तो भिकार हेडसेट माइक घेतला, गिटार घरच्या स्टीरिओतून वाजवली, आणि त्या खरखरीतून जे धुकं उभं राहिलं ते आम्हाला लाखाच्या उपकरणांतूनही जमलेलं नाही. गाण्यात राजकारण म्हणाल तर जवळजवळ नाहीच. रात्र, जंगल, एकटेपणा. याच माणसाने त्याच वर्षी १० ऑगस्टला मेहेम या बँडच्या आर्सेथचा भोसकून खून केला. खून आणि चर्च जाळल्याबद्दल १९९४ साली एकवीस वर्षांची सजा झाली, २००९ साली सुटला, आणि २०१४ साली फ्रान्सच्या कोर्टाने त्याला ज्यू आणि मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवल्याबद्दल दोषी ठरवलं. (मेलेला आर्सेथही संत नव्हता. त्याला साम्यवादी हुकूमशहांचं वेड होतं. त्या दुकानात सगळ्या रंगांचं विष मिळत होतं.)

बुर्झुम ऐकणारा प्रत्येक जण नाझी असतो, असं मला म्हणायचंच नाही. ते म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पण 'माणूस वेगळा, संगीत वेगळं' हा बचाव जिथे लागू पडतो, तिथून तुम्ही तो उचलून भलत्या जागी चिकटवताय. बुर्झुमच्या बाबतीत निदान वाद घालता येतो. ज्या बँडांचे पॅच तुमच्या टेबलावर येऊ लागलेत, तिथे संगीत हा प्रचाराचा निव्वळ पाट आहे, आणि तो तसाच खणला गेलाय.

स्क्रूड्रायव्हर या ब्रिटिश बँडचं बघा. १९७७ साली त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा तो इतर पाच-पन्नास पंक बँडांसारखाच एक. बँड फुटला. १९८२ साली इयन स्टुअर्टने पुन्हा उभा केला तो सरळ गोऱ्यांच्या सत्तेची घोषणा घेऊन. मागे ब्रिटनचा अतिउजवा नॅशनल फ्रंट पक्ष, पुढे टाळकी भादरलेली पोरं. १९८७ साली त्याने 'ब्लड अँड ऑनर' काढलं : गिग, रेकॉर्ड, मासिक, सगळं एका छत्राखाली. सभेला न येणारं पोरगं गिगला येतं, हे त्याने ओळखलं होतं. तो १९९३च्या सप्टेंबरात मोटार अपघातात गेला. (१९९३ म्हटलं की आपल्याला किल्लारी आठवतं. मी सातवीत होतो.) त्याच वर्षी अमेरिका-कॅनडाच्या सीमेवर असल्याच बँडांचं रेझिस्टन्स रेकॉर्ड्स नावाचं लेबल उभं राहिलं आणि १९९९ साली ते विकत घेतलं विल्यम पियर्सने. हा गायक नव्हता की वादक नव्हता. एका नवनाझी संघटनेचा पुढारी होता. त्याला गाण्याचं काय पडलं होतं? त्याला पैसा आणि पोरं हवी होती. २००४ साली जर्मनीत एनपीडी या अतिउजव्या पक्षाने तर शाळांच्या दारात फुकट सीड्या वाटल्या. त्याच्या आदल्याच वर्षी बर्लिनच्या कोर्टाने लँडझर या बँडला गुन्हेगारी टोळी ठरवलं होतं. बँडला!

आणि 'हे चार टाळक्यांचं अंडरग्राउंड आहे, कुणाला काय फरक पडतो' असं वाटत असेल, तर ग्रीसमध्ये जा. तिथल्या नेअर मातारोन या ब्लॅक मेटल बँडचा बासवाला गेर्मेनिस २०१२ साली गोल्डन डॉन या नवनाझी पक्षाचा खासदार झाला. २०२० साली तो पक्ष गुन्हेगारी संघटना ठरला तेव्हा त्यालाही शिक्षा झाली.

हे आपल्याच संगीताला का चिकटतं, यावर मी बराच विचार केलाय. अंडरग्राउंडमधे पैसा नाही, नाव नाही, मुली तर अजिबात नाहीत. तिथे एकच नाणं चालतं : जितकं दुर्मिळ, जितकं वर्ज्य, तितका तू खरा. 'पोजर', म्हणजे नकली, म्हटलं की काळजात सुरी जाते. मग एकाने डेथ मेटल आणलं की दुसरा ब्लॅक आणतो, तिसरा पन्नासच कॉप्या निघालेला डेमो आणतो, चौथ्याला त्याहून काहीतरी निषिद्ध लागतं, आणि त्या पायरीवर हे लोक दुकान मांडून बसलेलेच असतात. पॅचवाल्या मुलाला ज्यू कोण हे नीट माहीत नाही. त्याला फक्त इतरांकडे नाही ते हवं होतं. आम्हालाही तेच हवं होतं. फरक इतकाच, की आमच्याकडे कव्हर नसलेली कॅसेट होती आणि त्याच्या खिशात फोन आहे. दोन मिनिटांत कळलं असतं.

आपल्याकडे गाण्यातून द्वेष पसरवण्याचं हे काम रॉक करत नाही, तो मान मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीचा आहे. दुसऱ्याच्या वस्तीसमोर थांबून कोणतं गाणं लावायचं हे तिथे नीट ठरलेलं असतं, आणि बास आधी छातीत शिरतो, शब्द मागाहून. त्यावर नाकं मुरडण्यात आपण मेटलवाले सगळ्यांत पुढे. मग निदान आपलं टेबल तरी बघूया.

आता, मला काय हवंय. पोलिसांना कळवा, असं मी म्हणत नाही. त्या वाटेने मी एकदा गेलोय, म्हणजे नेला गेलोय. वीसेक वर्षांपूर्वी एका कॉलेजातला आमचा कार्यक्रम 'सैतानाची पूजा' म्हणून बंद पाडला, आणि चौकीत साहेबांनी मला शांतपणे विचारलं, कोंबडं कापता का बोकड? मी म्हटलं, साहेब, ड्रमर जैन आहे. हसले नाहीत. त्यांना सांगायला गेलात तर उद्या पॅचसकट तुमचा ड्रमसेटही जप्त होईल. संस्कृतिरक्षकांच्या हाती तर मुळीच देऊ नका. त्यांना या सूर्याचं वावडं असेलच असं नाही.

हे घरातल्या घरात करायचं काम आहे, आणि आपल्याआधी लोकांनी केलंय. १९७६ साली एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या मंचावर पिऊन परदेशी लोकांविरुद्ध बरळला. त्यावर संतापून एक पत्र छापून आलं आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभं राहिलं. १९७८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात द क्लॅश आणि स्टील पल्स, पंकवाले आणि रेगेवाले, एका मंचावर वाजले. कुणी सरकारकडे बंदी मागत बसलं नाही. पंकवाल्यांनीच आपलं अंगण झाडलं.

तर मर्चच्या टेबलावर काय येतं ते एका माणसाने आधी बघावं. कळलं नाही तर विचारावं, मला विचारा, रात्री बारापर्यंत जागा असतो. या बँडांची गाणी लाइन-अपमध्ये नकोत, 'फक्त रिफ भारी आहे' म्हणूनही नकोत. रिफ भारी असतं हे मला सांगू नका, मी ते गच्चीवर वाजवलंय. बाहेरचा बँड बोलावताना त्याचं आधीचं लेबल आणि त्याच्याबरोबर टूर केलेले बँड बघा. आणि कुणी अजाणतेपणी असलं काही घालून आला तर त्याला दारावरून हाकलू नका. बाजूला घ्या, चहा पाजा, सांगा. हाकललेलं पोरगं सरळ त्यांच्याच दुकानात जातं. हे सगळं जमणार नसेल तर तसं सांगा, दुसरा साउंडवाला बघा. माझ्याहून स्वस्त मिळेल.

तो पॅचवाला मुलगा मला परवा भेटला. त्यानेच फोन केला होता, ग्रुपवर काही न बोलता. टिळक रोडच्या अमृततुल्यात अर्धा तास बसलो. त्याने पॅच रविवार पेठेतल्या एका एम्ब्रॉयडरीवाल्याकडून शिवून घेतले होते, नगाला चाळीस पडले. काकांनी विचारलं म्हणे, सूर्यनमस्काराची स्पर्धा आहे का? त्याने हो म्हणून सांगितलं. अकरा उरलेत, त्यांचं काय करू, असं विचारत होता. मी म्हटलं, उसवायला बस, दोरा बरा आहे. हसला, पण चेहरा पडलेला होता. चारशे चाळीस रुपये त्या वयात कमी नसतात. आता स्वतःच्या बँडचा लोगो शिवून घ्यायचा म्हणतोय, पण काका पंचवीस नगांच्या खाली हात लावत नाहीत. निम्मे पैसे मी देतो म्हटलंय. बाकीचे तुमच्यापैकी कुणीतरी द्या. लोगो वाचता येत नाही, तेव्हा चांगलाच असणार.

पुढच्या गिगचा साउंडचेक चारला म्हणताय, म्हणजे पाच. मी साडेतीनला येतो. केबल माझ्या आणतो.

तुमचा,
मिक्सरवरचा दादा